मोठ्या मापाची घोडेस्वार आणि दर्ज्याची मियानी

घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात, माथेरानची लाल मातीची वाट किंवा महालक्ष्मीचे रेसकोर्स येते. ब्रिटनमध्ये मात्र घोड्यावर बसणे हा गावोगावचा शौक आहे. तेथील घोड्याच्या सामानाच्या व्यापाऱ्यांची ब्रिटिश इक्वेस्ट्रियन ट्रेड असोसिएशन नावाची संघटना आहे. तिने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत नियमित घोडेस्वारी करणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख निघाली. त्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त आहे. शाळेतल्या मुली आहेत, नोकरी करणाऱ्या आहेत आणि मुले मोठी झाल्यावर पुन्हा रिकिबीत पाय घालणाऱ्या पन्नाशीच्या गृहिणीही आहेत.

आता याच्या जोडीला दुसरी गोष्ट पाहा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य पाहणीत प्रौढ बायकांपैकी दर १० पैकी सुमारे ६ जणींचे वजन प्रमाणाबाहेर आढळते. म्हणजे दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांत भरल्या अंगाच्या बायका थोड्याथोडक्या नाहीत. तरीही अशी बाई घोडेस्वारीच्या सामानाच्या दुकानात गेली, तर ब्रीचेस मांडीत अडकतात, कोटाचे बटण छातीवर लागत नाही आणि उंच बुटाची चेन पोटरीच्या मध्यावर येऊन थांबते. दुकानदार नम्रपणे सांगतो, "मॅडम, याच्यापुढचे माप येत नाही." कित्येक जणी मग पुरुषांच्या पँटी घालून, नाहीतर रबरी बूट चढवून घोड्यावर बसतात. काही जणी तर बसणेच सोडतात.

व्यापाऱ्याच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की गिऱ्हाईक हातात पैसे घेऊन उभे आहे आणि माल नाही. हा माल का नाही, तो कसा बनतो आणि आपल्या कारागिरांचा त्याच्याशी काय संबंध, हे या लेखात पाहू.

जोधपूरहून लंडनला

घोडेस्वारीच्या पँटीला साऱ्या जगात "जोधपूर्स" म्हणतात. हे नाव आपल्या जोधपूरचेच. मारवाडच्या राजघराण्यातले सर प्रताप सिंह पोलोचे मोठे शौकीन होते. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षे झाली, त्या १८९७ च्या समारंभासाठी ते आपला पोलोचा संघ घेऊन इंग्लंडला गेले. त्यांच्या खेळाडूंच्या पँटी मांडीपाशी ऐसपैस आणि गुडघ्याखाली घट्ट होत्या. तेथील दर्ज्यांच्या त्या नजरेत भरल्या आणि त्यांनी ती बेतणी उचलली, असे सांगतात.

ही बेतणी आली कोठून? आपल्या चुडीदारातून. चुडीदार हा हिंदुस्थानी दर्ज्याच्या अकलेचा नमुना आहे. कापड उरेब कापायचे, म्हणजे ताण्या-बाण्याला तिरके. तिरक्या कापडाला आपोआप ताण येतो. रबर नको, लाइक्रा नको. दोन पायांच्या मध्ये मियानी घालायची. मियानी म्हणजे जांघेतला तो वेगळा चौकोनी तुकडा. चार शिवणी एका बिंदूवर येऊन पडत नाहीत, त्यामुळे माणूस मांडी घालून बसला, उकिडवा बसला किंवा घोड्यावर टांग टाकली, तरी उसवत नाही. वर ऐसपैस, खाली घट्ट, मध्ये मियानी. या बेतणीत बारीक माणूसही बसतो आणि जाड माणूसही बसतो.

जुन्या जोधपूर्सचे कापड जाड ट्विलचे असे. त्याला ताण नसे. म्हणून मांडीपाशी दोन्ही बाजूंना फुगा ठेवावाच लागे. आज जुने फोटो पाहून आपण त्या फुग्याला हसतो. पण तो फुगा दिखाव्याचा नव्हता. बसताना मांडी पसरते, तिला तेथे जागा ठेवलेली होती.

लाइक्राने काय केले

१९५८ मध्ये अमेरिकेच्या ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने नवा ताणला जाणारा धागा बनवला. तोच लाइक्रा. आपण त्याला इलास्टेन किंवा स्पॅन्डेक्सही म्हणतो. घोडेस्वारीच्या कपड्यात तो आला आणि फुगा गेला. पँट अंगाबरोबर बसू लागली, घोड्याच्या अंगाशी पाय नीट टेकू लागला, कापडाच्या घड्या मांडीला घासेनाशा झाल्या. फायदा मोठाच झाला.

पण सोबत एक वाईट सवयही आली. जी जागा पूर्वी दर्जी कात्रीने ठेवत होता, ती आता कापडाच्या ताणावर सोडून दिली. "लाइक्रा आहे, ताणेल," असे म्हणायचे आणि बेतणीकडे पाहायचेच नाही. मधल्या मापांत हे खपून गेले. मोठ्या मापांत त्याचे पितळ उघडे पडले.

कारखान्यातली रीत अशी असते. १० किंवा १२ नंबरच्या बाईच्या अंगावर नमुना बसवतात. मग प्रत्येक नंबराला कंबर, छाती, सीट सुमारे ५ सेंटिमीटरने वाढवत जातात. याला ग्रेडिंग म्हणतात. दोन-तीन नंबर वरपर्यंत हा हिशेब चालतो. २०, २२, २४ नंबरापर्यंत पोचलो की तो मोडतो. कारण अंग सगळीकडे सारखे वाढत नाही. खांद्याचे हाड वाढत नाही. गुडघ्याची जमिनीपासूनची उंची वाढत नाही. मनगटही फारसे वाढत नाही. पोट, सीट, मांडी, दंड आणि पोटरी वाढते, आणि तेही प्रत्येकीचे वेगवेगळे. एकीचे पोट पुढे, दुसरीची सीट मागे, तिसरीच्या मांड्या भरलेल्या आणि कंबर लहान. कागदावर चारी बाजूंनी वाढवलेला नमुना अशा अंगावर खांद्यात लोंबतो आणि दंडात आवळतो.

परत आलेला माल

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, माझ्या स्वतःच्या अडकलेल्या बिलातून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका शिलाई कारखान्याला मी लवचिक कापड दिले होते. ऑर्डर परदेशातल्या दुकानदाराची, माल बायकांच्या ब्रीचेसचा. १० पासून १६ नंबरपर्यंतचा माल विकला गेला. २० आणि २२ नंबरची खोकी परत आली. तक्रारी तीन. कंबरेत ढगळ, मांडीत घट्ट. खोगिरावर बसले की मागून कंबरपट्टा खाली सरकतो. आणि गुडघ्यावरची पकडपट्टी गुडघ्यावर न येता नडगीवर येते.

कारखानदार म्हणाला, कापडात दोष आहे. माझे पैसे थांबले. मी कापडाची चाचणी करून दाखवली, तरी तो मानायला तयार नव्हता.

त्याच कारखान्यात एक वयस्कर कटिंग मास्टर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. आयुष्यभर त्यांनी शेरवानी आणि चुडीदार कापले होते, पण निर्यातीच्या कामात त्यांना कोणी विचारत नसे. त्यांनी २२ नंबरची एक ब्रीचेस उसवून टेबलावर पसरली, तिच्यावर १२ नंबरची ठेवली आणि मला म्हणाले, "सेठ, कपडा बेकसूर है. ही बारीक बाईचीच पँट आहे, चारी कोपरे धरून ओढलेली. यात बसायला जागा कोठे ठेवली आहे?"

मग त्यांनी बोट ठेवून दाखवले. मागचा भाग पुढच्या भागाइतकाच वाढवला होता. भरल्या सीटची बाई बसली की कापड मागेच जास्त लागते. ते नसले की कंबरपट्टा खाली ओढला जातो. जांघेत चार शिवणी एकत्र, मियानी नाही. म्हणून ताण सगळा मांडीवर. गुडघा ५ सेंटिमीटर खाली, कारण लांबीही नंबराबरोबर वाढवत नेली होती. जाड बाई उंच असलीच पाहिजे, असे जणू कारखान्याने ठरवून टाकले होते.

चाचांनी नवा कागद घेतला. कारखान्याच्या हिशेबातली एक भरल्या अंगाची बाई मापे द्यायला तयार झाली. तिला खुर्चीवर बसवून आणि उभे करून, दोन्ही मापे घेतली. मागचा भाग उंच कापला, मियानी घातली, आतल्या पायाची शिवण पुढे सरकवली म्हणजे खोगिराशी घासू नये. गुडघा तिच्या गुडघ्यावर ठेवला. तेच कापड, तीच मशीन. नमुना बसला. माझे बिल मात्र आठ महिन्यांनी सुटले, आणि तेही पूर्ण नाही. त्या कारखानदाराचा हंगामही गेला. ही फी भरून एकच धडा घेतला, की मोठे माप म्हणजे लहान मापाची वाढवलेली नक्कल नव्हे. ते वेगळे माप आहे आणि त्याची बेतणी पहिल्यापासून करावी लागते.

ब्रीचेसची मापे

ज्या कारागिरांना हे काम करायचे आहे, त्यांनी कंबर आणि सीट एवढ्यावर थांबू नये. निदान आठ मापे घ्यावीत. कंबर उभी आणि बसलेली. सीट उभी आणि बसलेली. मांडी सर्वांत भरलेल्या जागी. गुडघा वाकवून गुडघ्याचा घेर. पोटरी. पुढच्या कंबरेपासून जांघेखालून मागच्या कंबरेपर्यंत. आतल्या पायाची लांबी. आणि कंबरेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी. शेवटचे माप बहुतेक जण विसरतात आणि त्यानेच पकडपट्टी चुकते.

कापडाबद्दल थोडे. मोठ्या मापाला पातळ कापड कधीही देऊ नये. ताणले की ते झिरझिरीत दिसते. स्पर्धेतल्या ब्रीचेस बहुधा पांढऱ्या किंवा फिक्या बदामी असतात, तेव्हा तर बाईची फजितीच. कापड दोन्ही दिशांनी ताणणारे हवे आणि ताणल्यावर परत येणारे हवे. साधी चाचणी करा. कापडावर १० सेंटिमीटरची खूण करा, १५ पर्यंत ओढून काही मिनिटे धरा, सोडा, थोडा वेळ थांबा आणि मोजा. साडेदहाच्या पुढे राहिले, तर ते कापड चार धुण्यांत गुडघ्यावर पिशवी धरणार. ही चाचणी उभी, आडवी आणि तिरकी अशी तीनदा करावी.

आजकाल सीटवर आणि गुडघ्यावर सिलिकॉनची छपाई करतात, म्हणजे खोगिरावर पकड राहते. जेथे सिलिकॉन असते तेथे कापडाचा ताण कमी होतो. मोठ्या मापात ही छपाई सलग न ठेवता तुटक नक्षीची ठेवावी. कंबरपट्टा सरळ पट्टीचा नको, अंगाच्या गोलाईने कापलेला हवा. रुंद असावा आणि मागे थोडा उंच. पुढे झुकले तरी पाठ उघडी पडत नाही. बाईला घोड्यावर बसून सारखी पँट वर ओढावी लागली, तर लगाम कोण धरणार?

बुटाची नळी

कपड्यापेक्षा बुटाचा प्रश्न अवघड आहे, कारण चामडे लाइक्रासारखे ताणत नाही. उंच बुटाला तीन मापे लागतात. पाऊल, पोटरी आणि नळीची उंची. कारखाने पोटरीचे माप पावलाला बांधून टाकतात. पाऊल ५ नंबरचे तर पोटरी बारीक, पाऊल ८ नंबरचे तर पोटरी जाड. आता एखाद्या बाईचे पाऊल ५ नंबरचे आणि पोटरी ४६ सेंटिमीटर असली, तर तिने काय करावे? तिला ८ नंबरचा बूट मिळतो. मग पुढे कापूस कोंबा आणि नळी गुडघ्यामागे टोचू द्या. ठेंगणी बाई आणि जाड पोटरी, हे सर्वांत अडलेले गिऱ्हाईक.

दुकानदारालाही दोष देऊन चालत नाही. हिशेब करा. पावलाचे ८ नंबर, पोटरीची ५ मापे, उंचीची ३ मापे. एकाच रंगाच्या एकाच बुटाचे १२० जोड झाले. एवढे भांडवल कोण अडकवून ठेवणार? म्हणून तो मधली मापे ठेवतो आणि कडेची माणसे रिकाम्या हाताने परत जातात.

लहान कारखान्याची संधी येथेच आहे. पावलाचा भाग फर्म्यावर नंबराप्रमाणे तयार ठेवावा आणि नळी गिऱ्हाइकाच्या मापाने कापून जोडावी. १२० जोडांऐवजी ८ नंबरांचे फर्मे आणि चामड्याचे थान एवढ्यावर काम भागते. यंत्रावर हजारो जोड काढणाऱ्याला हे परवडत नाही. हाताने काम करणाऱ्याला परवडते.

बुटाचे माप घेण्याची रीत ठरलेली आहे. दुपारनंतर घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. ब्रीचेस आणि मोजे घालून घ्यावे. खुर्चीवर बसून, पाऊल जमिनीवर सपाट आणि गुडघा काटकोनात. दोन्ही पायांचे घ्यावे, कारण दोन पोटऱ्या क्वचितच सारख्या असतात, आणि बूट मोठ्या पोटरीला बसवावा. उंची टाचेमागे जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंत मोजावी. नवीन चामड्याची नळी घोट्यापाशी मोडते आणि बूट एखाद-दीड इंच खाली बसतो. म्हणून नवा बूट थोडा उंच वाटला तर घाबरू नये. नवा असतानाच अगदी बरोबर असेल, तर तीन महिन्यांत तो आखूड होतो.

मोठ्या पोटरीच्या बुटात सर्वांत आधी चेन जाते. चेन जाड दातांची घालावी आणि तिच्यामागे चामड्याची संरक्षक पट्टी द्यावी. मागच्या शिवणीत वरपासून खालपर्यंत इलॅस्टिकची पट्टी घातली की दोन-तीन सेंटिमीटर मोकळीक मिळते. पण इलॅस्टिक पाच-सहा हंगामांत सैल पडते, म्हणून ते उसवून बदलता येईल असेच शिवावे. जुना बूट थोडासाच तंग असेल, तर चांगला मोची फर्म्यावर चढवून नळी थोडी वाढवू शकतो किंवा मागे चामड्याची कळी घालू शकतो. त्यापुढे ओढाताण केली की शिवण फाटते.

ज्या बाईला उंच बूट परवडत नाही, तिच्यासाठी सोपा मार्ग आहे. घोट्यापर्यंतचा जोधपूर बूट आणि त्यावर पोटरीला गुंडाळायचे हाफ चॅप. चॅपला इलॅस्टिकचा पट्टा असतो, तो बुटापेक्षा बराच स्वस्त पडतो आणि मापाने बनवायलाही सोपा. शिकाऊ वर्गांत हे सर्वत्र चालते. अनेक स्पर्धांतही बुटाच्याच रंगाचे साधे चॅप चालतात, मात्र त्या त्या स्पर्धेचा नियम आधी पाहून घ्यावा. नव्या कारागिराने सुरुवात चॅपपासूनच करावी. भांडवल कमी लागते आणि हात बसतो.

कोट आणि रिकीब

कोटाची गोष्ट थोडक्यात सांगतो. घोडेस्वाराचा कोट हात पुढे करून, लगाम धरल्यासारखे उभे करून मापावा. मोठ्या मापात बगल खोल कापली की दर्ज्याला वाटते मोकळीक दिली. प्रत्यक्षात हात उचलला की अख्खा कोट वर येतो. बगल उंच ठेवावी, दंड मोकळा ठेवावा आणि बगलेखाली तुकडा घालावा. आपल्या अंगरख्यात चौबगला घालतात तो याचसाठी. छातीच्या मापाने कोट घेतला तर खांदा लोंबतो, खांद्याच्या मापाने घेतला तर बटण लागत नाही. म्हणून बेतणी खांद्याची धरावी आणि छातीला चुण्या देऊन जागा करावी. मागे दोन फाटे असावेत, म्हणजे कोट खोगिरावर नीट पसरतो. शेवटचे बटण बसल्यावर पोटावर ताणत असेल, तर ते वर सरकवावे.

आता जिवाची गोष्ट. बूट रुंद झाला की रिकीबही रुंद लागते. बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा रिकीब सुमारे १ इंच जास्त असावी, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच. तंग रिकिबीत पाय अडकला आणि बाई पडली, तर घोडा तिला फरफटत नेतो. फार सैल असली तर पाऊल आरपार घुसते, त्याचाही परिणाम तोच. म्हणून रुंद बूट विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला रिकिबीचे माप विचारलेच पाहिजे. रबरी बूट किंवा जाड तळाचे खेळाचे बूट घालून बसणाऱ्या बायकांना हाच धोका असतो. ज्यांना मापाचा बूट मिळत नाही, त्याच बहुधा असे बूट घालतात. मापाचा बूट हा केवळ शोभेचा प्रश्न नाही, तो असा.

घोड्याला भार होत नाही का?

हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. विचारलाही पाहिजे, कारण मुके जनावर तक्रार करू शकत नाही. अमेरिकेत ओहायो येथे २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून त्यांना पळवले. २५ टक्के आणि त्यापुढे घोड्यांचे स्नायू जास्त दुखावलेले आढळले. त्यामुळे २० टक्क्यांची मर्यादा अनेक ठिकाणी मानतात. काही जण त्याहूनही कमी धरतात. ५०० किलोच्या घोड्याला २० टक्के म्हणजे १०० किलो, आणि त्यात खोगीर आणि कपडेही आले. म्हणजे ८५ ते ९० किलोची बाई योग्य घोड्यावर, योग्य खोगिरावर बसू शकते. तट्टावर ती बसू नये, हेही तितकेच खरे. घोडा, त्याची प्रकृती आणि बसणारीचे कसब पाहूनच ठरवावे. मात्र बाईला घोड्यावर बसवायचे की नाही हे घोड्याच्या पाठीने ठरवावे. आपल्या दुकानात २२ नंबरची पँट नाही, म्हणून ते ठरू नये.

आपल्याकडे हे कोण करील?

कानपूरला १८६०च्या दशकात इंग्रज सरकारने फौजेसाठी खोगीर आणि घोड्याच्या साजाचा कारखाना काढला. तेव्हापासून ते शहर या धंद्यात मुरले आहे. जाजमऊचे चामडे आणि तेथील कारागिरांच्या हातचे खोगीर, लगाम, बूट आजही ब्रिटन, जर्मनी, अमेरिकेत जातात. कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. या कामात मुसलमान कारागीर पिढ्यान् पिढ्या आहेत. आपल्याकडे मुंबईत धारावीचे चामड्याचे काम प्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये वॉल्सॉल खोगिरांचे आणि नॉर्थॅम्प्टन बुटांचे गाव. त्यांच्या फुटबॉल संघांची टोपणनावेसुद्धा अनुक्रमे "खोगीरवाले" आणि "मोची" अशा अर्थाची आहेत. आपल्या धंद्याचा असा अभिमान बाळगणारी गावे गिऱ्हाईक म्हणून मिळाली, तर त्यांना थातूरमातूर माल चालत नाही.

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. कापड आणि चामड्याच्या वस्तूंवरचे ब्रिटनचे आयात शुल्क शून्यावर आणण्याची तरतूद त्यात आहे. पण शुल्क कमी झाले की सगळेच देश आणि सगळेच कारखाने मधल्या मापांच्या मालावर तुटून पडतात आणि भावाची ओढाताण सुरू होते. त्या गर्दीत लहान कारखानदाराचा टिकाव लागत नाही. मोठ्या मापांत गर्दी नाही. तेथे भाव पाडून नव्हे, माप बसवून गिऱ्हाईक मिळते. एकदा ब्रीचेस बसली की ती बाई दुसरीकडे जात नाही आणि आपल्या चार मैत्रिणींनाही पाठवते, कारण इतकी वर्षे तिला कोणी नीट विचारलेलेच नसते.

हे काम घेणाऱ्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, मोठ्या मापाचा नमुना मोठ्या मापाच्या बाईवरच बसवून पाहा. लाकडी पुतळ्यावर नको, आणि फक्त उभ्याने तर नकोच. तिला बाकावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसवा. माप घ्यायला बाई कारागीर ठेवा. गिऱ्हाईक मोकळेपणाने उभी राहील आणि मापही खरे मिळेल. दुसरी, परदेशी खरेदीदाराकडून नुसता नंबर घेऊ नका. नंबर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. सेंटिमीटरमध्ये तक्ता मागा आणि नमुन्यावर त्याची सही घ्या. माझी सही घ्यायची राहिली होती, म्हणून माझे पैसे अडकले. तिसरी, भाव ठरवताना कापड मापाप्रमाणे धरा. २४ नंबरला कापड जास्त लागते, ५८ इंची पन्ह्यावर मांडणी बदलते. पण शिलाई तेवढीच लागते. ते जास्तीचे कापड सगळ्या नंबरांत वाटून एकच भाव ठेवला, तर मोठ्या मापाच्या बाईला दंड भरल्यासारखे वाटत नाही, आणि तुमचेही नुकसान होत नाही. चौथी, मालावर किंवा तक्त्यावर "जाड" असा शब्द लिहू नका. मापाचा आकडा पुरेसा आहे.

मुंबई-पुण्यातही आता बऱ्याच बायका घोडेस्वारी शिकतात. त्यांच्यातल्या ज्यांना दुकानात माप मिळत नाही, त्यांना मी एकच सांगेन. परदेशी ब्रीचेस मागवून परत पाठवण्याच्या भानगडीत पडण्याआधी एखादा जुना चुडीदार कापणारा दर्जी शोधा. त्याला दोन्ही बाजूंना ताणणारे जाड कापड द्या, खोगिरावर कसे बसतात ते बसून दाखवा आणि मियानी घालायला सांगा. पहिली जोडी जुन्या कापडाची करून घोड्यावर घालून पाहा, मग चांगल्या कापडाला कात्री लावा.

आणि कारखानदार बंधूंनो, तुमच्या कटिंगच्या टेबलाशी असा एखादा चाचा असेल, तर पुढची ऑर्डर घेण्याआधी नमुना त्याच्यासमोर पसरा. मी ते माल परत आल्यानंतर केले.